तात्या, उद्या तेवढं बसा

"तात्या, उद्या तुमी वळणावर उभं ऱ्हायाचं न्हाय," धैर्यशील म्हणाला आणि माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसलेले सगळे तात्यांकडे बघायला लागले.

आकारामतात्या टॉवेल झटकत होते. नुकताच त्यांनी एक चिऱ्याचा ट्रक आणि दोन पर्यटकांच्या गाड्या मार्गी लावल्या होत्या. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"उभं ऱ्हायाचं न्हाय म्हंजे?"

"म्हंजे बसायचं. देवळात, सतरंजीवर, सगळ्यांच्या पुढं. उद्या कमिटी यायची हाय. एक दिस तुंबू दे रस्ता. आमचं रोज काय हुतंय ते बगू देत की सायेब लोक."

"आन कुणाला लागलं-बिगलं तर?"

"एका दिसात काय हुतंय, तात्या?"

हे वाक्य तात्यांसमोर बोलायला नको होतं. धैर्यशील आमचा सरपंच, वयानं तरुण, पण माणूस समजुतीचा. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं. तो उगाच मोबाइल काढून बघत राहिला.

आमचं भैरीघोल अभयारण्याच्या पोटात आहे. कोल्हापूरहून कोकणात उतरणारा रस्ता गावाच्या मधून जातो, आणि मधून म्हणजे अगदी मधून. पडवीत चप्पल जरा बाहेर काढून ठेवली तर ती ट्रकच्या चाकाखाली जाते. माझ्या गिरणीपाशी हा रस्ता कोपरासारखा वळतो. एका अंगाला गिरणीची भिंत, दुसऱ्या अंगाला भैरोबाच्या देवळाचा कट्टा. वरून येणाऱ्याला खालचा दिसत नाही, खालून येणाऱ्याला वरचा दिसत नाही. दोघे समोरासमोर आले की कोणीच मागे हटत नाही, कारण मागे हटायचं असतं हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवलेलंच नाही. मग मागच्या गाड्या येऊन चिकटतात, हॉर्न सुरू होतात आणि गिरणीत मला जात्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

रस्ता रुंद करायचा तर भैरोबा जातो आणि त्याच्याबरोबर निम्मं गाव. म्हणून गावाची मागणी बायपासची. गावामागून, जंगलाच्या कडेनं. पण ते जंगल राखीव. तिथली फांदी तोडायची तरी वनखात्याला विचारावं लागतं, रस्त्याची गोष्ट तर लांबच राहिली. मागच्या खेपेला कमिटी आली तेव्हा 'वाहतूक सुरळीत दिसते' असा शेरा मारून, आमचाच चहा पिऊन परत गेली. वाहतूक सुरळीत दिसत होती कारण वळणावर तात्या उभे होते. या खेपेला ती चूक करायची नाही, असं ग्रामसभेत ठरलं होतं. फक्त तात्यांना सांगायचं राहिलं होतं.

तात्यांनी जन्मभर एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर काम केलं. हंगामात उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर येऊन तळावर एकमेकांत घुसायचे. ते सोडवायचे आणि वजनकाट्याकडे धाडायचे, हे त्यांचं काम. त्यांची रीत सांगतो. गुंता झाला की बाकीची माणसं तोंडाशी जाऊन ओरडतात, जिथं दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या असतात तिथं. तात्या तिकडे बघतसुद्धा नाहीत. ते सरळ रांगेच्या शेपटीला जातात, शेवटच्या गाडीला बाजूला काढतात, मग तिच्या पुढच्या, मग तिच्या पुढच्या. तोंडाशी पोहोचेपर्यंत तिथं भांडायला काही शिल्लक राहिलेलं नसतं. आणि कुठलीही गाडी मागे घ्यायची झाली की आधी तिच्या मागे स्वतः जाऊन उभे राहतात. गाडीच्या पाठीवर हात ठेवतात आणि मग ओरडतात, "घे."

ही दुसरी रीत कारखान्यातली नाही. ती क्रांतीनंतरची.

क्रांती त्यांची एकुलती एक मुलगी. तालुक्याला कॉलेजात जायची. एका सकाळी एक टेम्पो आणि एक ट्रक वळणावर अडकले आणि ट्रकवाल्यानं चिडून, मागे न बघता गाडी मागे घेतली. मागे माझ्या गिरणीची भिंत होती आणि भिंतीला टेकून ती पोर एसटीची वाट बघत उभी होती. मी ती भिंत नंतर दोनदा रंगवली. दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या सकाळी तात्या टॉवेल घेऊन वळणावर आले. कारखान्यातली थोडी नोकरी शिल्लक होती, ती सोडून दिली. तेव्हापासून पावसात, उन्हात, सणावाराला माणूस तिथं उभा आहे. वळणावर परत कुणाचा जीव गेलेला नाही. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की कधीमधी आम्ही त्यांची चेष्टाही करायचो. "तात्या, पोलिसात भरती व्हा की," म्हणायचो. ते हसायचे.

पण बायपास सगळ्यात जास्त कुणाला हवा होता, असं विचाराल तर तात्यांनाच. एकदा मला म्हणाले होते, "मी मेल्यावर हितं कोण उभं ऱ्हाणार रं? रस्ताच हितनं गेला पायजे."

तर त्या संध्याकाळी ते सरळ घरी गेले. मी दळणाचा डबा पोहोचवायच्या निमित्तानं मागोमाग गेलो. चिमणाबाई, त्यांची बायको, चुलीपुढे बसली होती. तिला सगळं आधीच कळलेलं होतं. आमच्या गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोहोचते.

"सरपंच बसा म्हणतोय," तात्या म्हणाले.

"मग बसा की."

"माझा जीव ऱ्हात न्हाय गं."

चिमणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "इतकी वर्सं मी तुमास्नी एक शब्द बोलले न्हाय. सण न्हाय, पै-पावणं न्हाय, आजारी पडले तरी तुमी तिथंच. मी म्हटलं, असू दे, पोरीसाठी चाललंय. आता मी तुमच्याकडं एकच मागते. उद्या एक दिस बसा. तिच्यासाठीच बसा. तेवढा रस्ता हू दे, मग माझी पोर मोकळी झाली म्हणीन मी."

तात्या खाली बसले. "बसतो," म्हणाले. माझ्याकडे बघून परत म्हणाले, "बसतो की."

दिवाळीच्या सुट्ट्या अजून संपल्या नव्हत्या. सकाळपासूनच कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ होती. तात्या धुतलेला सदरा घालून, टोपी घालून देवळात सतरंजीवर पुढेच बसले. आणि रस्ता तुंबला. काय तुंबला! त्याला जणू तात्यांनी रजा घेतल्याचं कळलं होतं. खालून उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे एक एसटी तिरकी, वरून चिऱ्याचा ट्रक, आणि फटीफटींतून घुसलेल्या मोटारसायकली. हॉर्नचा नुसता कालवा. तात्या प्रत्येक हॉर्नला गुडघ्यावरची मूठ आवळत होते. शेजारी बायकांच्या घोळक्यात चिमणाबाई बसली होती, ती त्यांच्या मुठीकडे बघत होती.

कमिटीची गाडीही त्यातच अडकली. साहेब लोक शेवटी उतरून, गाड्यांच्या मधून अंग चोरत, चालत देवळाकडे आले. बांधकामचे इंजिनिअर घामाघूम झाले होते. वनखात्याच्या मधुवंती मॅडमच्या साडीला कुणाच्या तरी सायलेन्सरचं काळं लागलं होतं. धैर्यशीलच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण मिशीत हसू मावत नव्हतं.

चर्चा झाली, आणि चांगली झाली. मॅडम काही गुर्मीतल्या नव्हत्या. त्यांनी सतरंजीवर नकाशा पसरला आणि आम्हाला दाखवलं.

"तुमची आखणी इथून जाते. नेमके इथूनच गवे पाण्याला उतरतात. रस्ता झाला की त्यांची वाट तुटते. मग ते तुमच्या भातात येतील, तेव्हाही अर्ज घेऊन तुम्ही माझ्याकडेच याल. गव्यांना इथं येऊन बसता येत नाही, म्हणून त्यांच्या बाजूनं मी बोलते. राग मानू नका."

"राग कशाचा?" शालूबाई म्हणाली. ही आमच्या गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला कुणी मधे अडवत नाही. "जंगल आमचंबी हाय, बाई. आमी काय उपरं हाय व्हय? माझ्या सासऱ्यानं लावलेला फणस हाय तिथं, त्यो जाईल म्हणून मलाबी वाईट वाटतंय. पर गव्याला वाट पायजे तशी आमालाबी पायजे की. ह्या आकारामाची पोर गेली. तिला कुटनं वाट हुती?"

मॅडमनी तात्यांकडे पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडे. इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, अडचण खरी आहे. आपण स्वतः अडकलो."

"हो," मॅडम म्हणाल्या. "गव्यांना जायला रस्त्याखालून मोरी ठेवता येते का ते बघावं लागेल. पण हे असं रोज होत असेल, तर मला तसं लिहावं लागेल."

एवढं ऐकायला गाव किती वर्षं थांबलं होतं. मागे कुणीतरी टाळी वाजवली. चिमणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. तात्यांची मूठ पहिल्यांदा सैल झाली, मी शेजारीच होतो म्हणून मला दिसलं.

तेवढ्यात पिराजी धावत आला.

पिराजी वरच्या वाडीचा. अंगात बनियन, पायात काही नाही. त्याला धाप लागली होती. "सरपंच! माझी बायकू... गवत कापायला गेलती... घोणस चावलीया हाताला! जीप वर शाळंपाशी अडाकलीया. काय तरी करा की ओ!"

तालुक्याचा दवाखाना खाली. जीप वर. मधे आमचा सगळा तुंबवलेला रस्ता.

धैर्यशील पांढरा पडला. पण लगेच उठला, पोरांना हाका मारल्या, स्वतः पळत गेला. दहा-पंधरा जण तोंडाशी जाऊन ओरडू लागले. "तू मागं घे!" "तूच घे की!" ट्रॅक्टरवाला म्हणाला, माझ्या मागं एसटी हाय. एसटीवाला म्हणाला, माझ्या मागं अख्खं मार्केट हाय. कुणी ट्रकच्या दाराला लाथ मारली, ट्रकवाला लोखंडी टॉमी उगारून खाली उतरला. जे काही थोडं हलत होतं तेही थांबलं. पिराजी तिथंच देवळाच्या पायरीवर बसून कपाळ बडवू लागला. "सुजाया लागलाय वो हात तिचा," एवढंच म्हणत होता.

तात्यांनी चिमणाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही, अशी. मी स्वतः पाहिली ती मान. त्या बाईला दगड म्हणू नका. समोर तिची पोर होती आणि बाहेर दुसऱ्याची. तिला त्या घटकेला आपलीच दिसली.

तात्या उठले. टॉवेल आणला नव्हता, म्हणून डोक्यावरची टोपीच हातात घेतली.

ते तोंडाशी गेलेच नाहीत. मागच्या बोळातून खालच्या शेपटीला गेले. शेवटच्या गाडीला धनगराच्या मोकळ्या वाड्यात घातलं, दुसरीला तिच्या शेजारी, मोटारसायकली उचलून ओट्यांवर चढवायला लावल्या. एसटीच्या मागे उभे राहून, तिच्या पत्र्यावर हात ठेवून, "घे, घे, घे, बास," करत तिला सरळ केलं. ट्रॅक्टरवाला कुरकुरत होता, त्याला फक्त म्हणाले, "लेकरा, वर माणूस मराय लागलंय." तो उतरून ट्रॉली सुटी करायला तिची पिन काढू लागला. आम्ही सगळे कट्ट्यावरून बघत होतो. साहेब लोकही बघत होते. त्यांच्या हातातला चहा अजून कोमट होता, तेवढ्यात पिराजीची जीप वळण घेऊन खाली गेली. मागच्या सीटवर बाईची मान एका बाजूला कललेली होती आणि पिराजी दाराला लोंबकळत होता.

जीप गेली आणि तिच्यामागून बाकीचा सगळा रस्ताही वाहू लागला. थोड्याच वेळात वळण असं मोकळं झालं की तिथं कुणी क्रिकेट खेळावं.

तात्या परत आले. सदरा पार मळला होता. मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. त्यांनी मनापासून विचारलं, "काका, तुम्ही हे रोज करता?"

धैर्यशील खोकला. मी तात्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. एकदा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? भैरोबानंही माफ केलं असतं.

"व्हय," तात्या म्हणाले. "रोजच."

"आणि तुम्ही असता तेव्हा असं तुंबत नाही?"

"न्हाय तुंबत." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. घाईघाईनं म्हणाले, "पर बाई, मी आता दमलोय. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. माझ्यामागं करणारं कोण न्हाय."

मॅडमनी ते ऐकून घेतलं. बायकांच्या घोळक्यातून चिमणाबाई उठली आणि घरी निघून गेली.

निकाल आला तो महाशिवरात्रीच्या सुमारास. जंगलातून बायपास नाही. गवे, पाणवठा, कायदा, सगळं होतं त्यात. आणि शेवटी असंही होतं की गावातली अडचण माणसं नेमून सुटते असं पाहणीत दिसलं आहे, म्हणून वळणाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून गाड्या आळीपाळीनं सोडाव्यात. तात्यांचं वाक्यही वाया गेलं नव्हतं. एकट्या वृद्ध माणसावर हा भार टाकू नये, असं मॅडमनी आवर्जून लिहिलं होतं. धैर्यशीलनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पत्र दुमडून तो म्हणाला, "चूक कुणाचीच न्हाय. पर आपला बायपास गेला."

सगळेच त्याच्यासारखे समजूतदार नव्हते. पारावर एकानं तात्यांना तोंडावर विचारलं, "सोताच्या पोरीचंबी तुमास्नी काय वाटलं न्हाय व्हय?" मला असा राग आला की मी त्याचं दळण महिनाभर घेतलं नाही. पत्रात म्हटलेली माणसं काही कुणी नेमली नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्याच वळणावर आले, टॉवेल घेऊन. जे त्यांच्याशी बोलत नव्हते त्यांच्याही मोटारसायकली ते सोडत होते.

त्यांना बोचत होतं ते वेगळंच. एकदा भर दुपारी, रस्ता रिकामा असताना, माझ्याजवळ ओट्यावर बसून म्हणाले, "ती बोलत न्हाय रं. त्या दिसापास्नं. भाकरी वाढती, पाणी तापवती, पर बोलत न्हाय. एकच गोष्ट मागितलीती तिनं जल्मात." आणि तो एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला. मी गिरणीत जाऊन उगाच जातं तपासत बसलो.

शिमग्याच्या आधी पिराजी बायकोला घेऊन आला. तात्या वळणावर गाड्यांत गुंतले होते, त्यांचं घर त्याला माहीत नव्हतं, म्हणून गिरणीत विचारायला आला आणि मीच त्यांना घेऊन गेलो. सगुणा तिचं नाव. पोरगीच होती, बावीस-तेवीसची. हात अजून नीट झाला नव्हता; दोन बोटं वळत नव्हती, कातडी काळी पडलेली. पिराजीनं मधाची बाटली आणली होती. घरात चिमणाबाई एकटीच.

सगुणानं वाकून नमस्कार केला. चिमणाबाईनं पाट सरकवला, पाणी दिलं. मग तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. पोरीचे केस कसेतरी गोळा करून बांधलेले होते, निम्मे सुटलेले.

"केस असं का?" चिमणाबाईनं विचारलं.

"एका हातानं वेणी येत न्हाय, आई," सगुणा म्हणाली. "ह्यांस्नी सांगितलं तर ह्ये दोरखंड वळल्यागत वळत्यात."

पिराजी खाली बघून हसला. चिमणाबाई आत गेली, तेलाची वाटी आणि फणी घेऊन आली आणि सगुणाच्या मागे बसली. गुंता फार होता. ती खालच्या टोकापासून हळूहळू सोडवत वर गेली. मला तिथं थांबवेना. मी आणि पिराजी बाहेर अंगणात येऊन उभे राहिलो. आतून चिमणाबाईचा आवाज आला. "दुकतंय काय गं?" एवढंच विचारत होती, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणाबाई वळणावर आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तिला तिथं बघून मी गिरणी बंद केली. तिनं माझ्या भिंतीकडे पाहिलं. मग भाकरी ओट्यावर ठेवली आणि तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला.

"बसा जरा," ती म्हणाली. "गार हुईल."

तात्या बसले. फडकं सोडलं. आत भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा होता. तेवढ्यात खालून एक ट्रक वर चढू लागला. चिमणाबाई पदर खोचून रस्त्याच्या मधे गेली. आधी वर बघितलं, मग खाली, आणि टॉवेलचा हात वर केला. ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"आज्जी, येऊ काय?"

"थांब. वरनं गाडी यायलीया."

ट्रक थांबला. तात्यांची पाठ रस्त्याकडे होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. कांदा मुठीनं फोडला आणि जेवायला लागले.